टॉवेलाच्या खाली

पाणी आमच्याकडे पाचव्या दिवशी येतं.
त्या दिवशी अख्खी गल्ली धुणं काढते,
दोऱ्या वाकतात
कारखान्यातून बाद होऊन आलेल्या टॉवेलांनी,
अप्पाच्या बनियनांनी, शेजारच्या चादरींनी.
सगळं उन्हात, सगळ्यांसमोर.
माझी चड्डी मात्र मोरीतल्या खिळ्यावर,
टॉवेलाच्या खाली, वरून ओढणी,
जिथं बल्बसुद्धा नाही.
सकाळी ओलसर तशीच चढवायची.
अम्मा तशीच चढवते.
कुणी शिकवलं नाही, बघून आलं,
विडी वळायला आली तसं.

मार्चच्या शेवटी टायफॉइड उतरला.
गोळ्यांचं पाकीट संपलं
आणि खाज सुरू झाली.
कुठं, ते लिहितानाही पेन अडतं.
बाकावर मांड्या आवळून बसले,
भूमितीच्या बाई म्हणाल्या, "कोडम, लघवीला जायचंय का?"
वर्ग हसला.
चड्डीवर पांढरं, फुटक्या दह्यासारखं काहीतरी.
आणि मला आठवली रत्नाक्का,
पान कापता कापता कुणाला तरी सांगणारी:
"अंगावरून पांढरं जातं म्हणजे हाडं विरघळतात बघ."
रात्री मी नडगी दाबून बघायची.
आहे का अजून.

मग डेटॉल.
आग अशी उठली
की तोंडात ओढणीचा बोळा कोंबला.
वाटलं, शिक्षा असेल.
कशाची ते आठवेना.
मी तर काहीच केलं नव्हतं.

महापालिकेच्या दवाखान्यात नाईकवाडी सिस्टरनं लिहिलं:
भार्गवी, वय पंधरा. तक्रार?
मी गप्प.
तिनं पेन ठेवलं, पडदा ओढला.
"खाजतंय?"
इतकं सहज, जसं काही कोपराबद्दल.

मग म्हणाली, "आत जंतू असतात. चांगले.
विरजणातल्या जंतूंची चुलत भावंडंच समज.
तेच राखण करतात.
तापाच्या गोळीला आपला-परका कळत नाही,
तिनं तेही मारले. बुरशीला रान मोकळं."
"बुरशी? भाकरीवरची?"
"त्यांच्यातलीच एक जात. पण मला सांग,
आपल्या कडक भाकरीला कधी बुरशी बघितलीस?"
"नाही."
"का नाही?"
"सुकी असते म्हणून."
"मग."

डॉक्टरबाईंनी तपासून मलम लिहून दिलं.
सिस्टर दारापर्यंत आली, बोलतच.
आतून धुवायचं नाही, साबण नाही, डेटॉल तर नाहीच.
बाहेरून साधं पाणी, पुढून मागं.
सुती घाल. वाळलेलीच घाल.
"आणि हाडं?" मी विचारलंच.
ती हसली नाही. हसली असती तर मी परत गेले नसते.
"हाडांचा काय संबंध ग.
थोडं पांढरं रोजचंच असतं.
पाळीच्या अधेमधे तार सुटते, अंड्यातल्या पांढऱ्यासारखी,
तेही ठीक.
पण मासळीसारखा वास आला, रंग हिरवट-करडा झाला,
ओटीपोटात दुखलं, ताप भरला,
तर ते दुसरं असतं, त्याचं औषध दुसरं.
घरातलं जुनं मलम लावत बसू नकोस.
इथं ये."

पुढच्या पाण्याच्या दिवशी
मी ती दोरीवर टाकली, दोन टॉवेलांच्या मधे.
खाली नाही. मधे.
समोरच्या गच्चीवरनं कुणीतरी बघितलं, बघू दे.
ज्या उन्हाला सगळं सोलापूर शिव्या देतं
त्यानं अर्ध्या तासात कडक वाळवली.

अम्मा उंबऱ्यात सूप घेऊन बसलेली.
दोरीकडं बघितलं, काही बोलली नाही.
विड्या मोजत होती, एकवीसवर चुकली,
परत पहिल्यापासून.
मग तेलुगूत, अगदी हळू,
जसं सुपालाच विचारतीये:
"ती सिस्टर... किती वाजेपर्यंत असते?"
"एकपर्यंत."
"मंगळवारी पण?"
"मंगळवारी पण."
"तीन वर्षं झाली," म्हणाली,
आणि तंबाखूचे हात धुवायला उठली.